शाळेच्या हातात किती असतं?

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी आधी जे शीर्षक लिहून नेलं होतं, ते चांगलं लांबलचक होतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक मागासलेपणाची कारणं, अशा अर्थाचं. मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "कारणं तुला माहीत नाहीत का?"

माहीत होती. गरिबी, स्थलांतर, घरात अभ्यास घ्यायला कुणी नसणं. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही वर्षं काढलेल्या कुणालाही ही कारणं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील.

"मग ती पुन्हा शोधून काय मिळणार? घरची परिस्थिती शाळा बदलू शकत नाही. पण साडेदहा ते पाच मूल शाळेच्या ताब्यात असतं. त्या वेळात शाळा जे करते, त्याने मुलांमधलं अंतर वाढतं की कमी होतं, तेवढंच बघ."

पुढचा अख्खा गळीत हंगाम मी या एका प्रश्नामागे होते.

माझी शाळा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आहे. उसाचा पट्टा. ज्यांचं पाणी पक्कं आणि रान चांगलं, त्यांची मुलं सकाळी व्हॅनमध्ये बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. आमच्या पटावर उरतात ती शेतमजुरांची, किरकोळ दुकानदारांची, दोन-तीन एकरवाल्यांची मुलं. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, जालना, धाराशिवकडच्या आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. त्या मुलांपैकी काही शाळेत येतात, बरीच येत नाहीत, आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येणारीही निघून जातात. म्हणजे विषमता बघायला मला लांब जायची गरज नव्हती. चौथीच्या एका वर्गात ती तीन थरांत बसलेली होती.

संदर्भवाचनाची सुरुवात मात्र मन खचवणारी झाली. या विषयावर कुठूनही वाचायला घेतलं तरी अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1966 चा कोलमन अहवाल समोर येतोच. सहा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि सुमारे चार हजार शाळा पाहून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा त्यांच्या घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला आहे. घरच ठरवणार असेल तर आम्ही वर्गात उभं राहून करतो ते काय, असं कित्येक दिवस वाटत राहिलं.

त्यातून बाहेर काढलं ते आपल्याच मातीतल्या माणसांनी. साताऱ्यातलं कटगुण हे ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. संशोधक म्हणून पुन्हा वाचताना मला त्यातली शैक्षणिक बाजू दिसली: घर आड येत होतं म्हणून कर्मवीरांनी मुलाला दुसरं घर दिलं. कोलमनच्या निष्कर्षाला त्यांनी चाळीस वर्षं आधीच, करून दाखवून, उत्तर दिलेलं होतं.

माझ्याकडे वसतिगृह नव्हतं, वर्ग होता. वर्गाबद्दल सगळ्यात उपयोगी सापडला तो 'बालसखी'चा प्रयोग. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन नेमलं. मागे पडलेल्या मुलांचा लहान गट रोज साधारण दोन तास बाजूला घ्यायचा आणि त्यांना येतं तिथून पुढे न्यायचं, एवढंच त्यांचं काम. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. गुण वाढले, आणि जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे. मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला काय येतं यावर गट पाडायचे, ही पद्धत त्यातूनच पुढे वाढली.

दुसरा अभ्यास वाचून मी अस्वस्थ झाले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक पडला नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. आमच्या शाळांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना, माहिती वर पाठवताना "अमुक प्रवर्गाची मुलं उभी राहा", "ऊसतोडीची मुलं हात वर करा" असं किती सहज म्हटलं जातं. त्यामागे वाईट हेतू नसतो, वेळ वाचवायचा असतो. मी माझ्या निरीक्षण तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवला.

परवानगीचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही, केंद्रप्रमुखांना कल्पना, हे सोपस्कार झाले. नमुना सहेतुक, म्हणजे विषयाला धरून मुद्दाम निवडलेला, घेतला: आमच्या परिसरातल्या मोजक्या शाळा, तिसरी ते पाचवीचे वर्ग आणि तीन ऊसतोड तळ.

तळांवर जायचं तर संध्याकाळीच जावं लागतं. नवरा-बायको पहाटे अंधारात फडात जातात, गाडी भरून कारखान्यावर गेली की दिवस कलतो. चुली पेटल्यावर माणसं जरा बसतात. पहिल्या तळावर एका कोपीसमोर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या रचत बसला होता. गावातला एक शेतकरी म्हशींसाठी वाढं घ्यायला मोटारसायकलवर आला. भाव शेकड्याला साडेतीनशे. त्याने चाळीस पेंढ्या मागितल्या आणि किती झाले विचारलं. "एकशे चाळीस," मुलगा पेंढ्या मोजता मोजताच म्हणाला. शेतकऱ्याने दोनशेची नोट दिली, मुलाने आत जाऊन साठ रुपये आणून दिले. बोटं मोडली नाहीत, कुणाला विचारलं नाही.

नंतर त्याची चाचणी घेतली. पस्तीस गुणिले चार, उभी मांडणी करून कागदावर दिलं. त्याने कागद फिरवून पाहिला, चार पुन्हा गिरवला आणि परत दिला. "ह्ये साळंतलं हाय," म्हणाला. चाळीस पेंढ्यांचा हिशेब करताना त्याने साडेतीनशेचा दहावा भाग काढून त्याची चारपट केली असणार, म्हणजे पस्तीस चोक एकशे चाळीस हेच गणित. ते त्याच्याकडे होतं, पण कागदावरच्या खुणांशी त्याची गाठ कुणी घालून दिली नव्हती. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला, त्यातही हेच आहे. बाजारातली मुलं मनातल्या मनात अवघड हिशेब करतात आणि पाठ्यपुस्तकी मांडणीत अडतात, शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. आमच्या नोंदींत या मुलापुढे 'गणितात अप्रगत' असंच लिहिलं गेलं असतं.

दुसऱ्या तळावरच्या एका मुलीने आमच्या चाचणीचाच विचार करायला लावला. वाचन चाचणी साधी असते: अक्षरं, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट; मूल जिथे थांबेल तो त्याचा स्तर. ही मुलगी मराठीच्या पहिल्या पाच अक्षरांतली दोनच ओळखू शकली. तिची आई मराठी बोलता बोलता मध्येच लेकीशी कानडीत बोलली तेव्हा गाव विचारलं. जतच्या पूर्व भागातलं. तिथे जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत आणि ही तिथे तिसरीत होती. बालभारती कानडीतही पाठ्यपुस्तकं छापते, त्यातलं तिसरीचं पुस्तक जतमधल्या एका शिक्षक मित्राकडून मागवून घेतलं. मुलीने धडा घडाघडा वाचला, मध्ये एका वाक्याला हसली आणि आईला काहीतरी सांगितलं. एकाच जिल्ह्यात, एकाच जिल्हा परिषदेच्या दोन शाळांमध्ये, शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतरावर ती हुशार विद्यार्थिनीपासून निरक्षर झाली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बाहेरच्या मुलाला पहिला प्रश्न हा विचारू लागलो, की घरी काय बोलता आणि तिकडच्या शाळेत काय वाचता. बंजारा टोळीतली मुलं गोरमाटी बोलतात. त्यांच्या बाबतीतही हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरला.

तळावरच्या बायांशी बोलताना वाटत होतं, शाळा नको म्हणतील. तसं कुणीच म्हटलं नाही. एक माउली भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, लेकरू साळंत घालाया आमची ना नाय. पर ही मोठी साळंत गेली तर धाकलीला कोण बघंल?" धाकटी दोन वर्षांची होती. मोठी मुलगी दिवसभर तिला कडेवर घेऊन कोपी राखायची. तिची शाळा तिथे अडकली होती, दारिद्र्याच्या मोठ्या व्याख्येत नाही.

वर्गाच्या आतलं काम जास्त अवघड, कारण तिथे आपलेच सहकारी असतात. आम्ही ठरवलं की एकमेकांच्या वर्गात बसायचं, आणि माझ्या वर्गात दुसऱ्या बाईंनी. प्रत्येक तासाला बसण्याच्या जागांचा नकाशा काढायचा. शिक्षकाने ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या चौकटीत एक रेघ, उत्तराची वाट पाहिली तर रेघेवर टिंब, 'बस खाली' म्हटलं तर फुली. महिनाभराचे नकाशे एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. पुढच्या दोन रांगांवर रेघांची गर्दी आणि मागच्या भिंतीपाशी कोऱ्या चौकटी. ऊसतोडीची मुलं नोव्हेंबरात उशिरा येतात, तोवर पुढच्या जागा भरलेल्या असतात, म्हणून ती मागे बसतात. मागे बसतात म्हणून त्यांना विचारलं जात नाही. यात कुणी भेदभाव करायचा म्हणून केलेला नव्हता.

गृहपाठाची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिसरी ते पाचवीत दिलेला काही आठवड्यांचा सगळा गृहपाठ आम्ही गोळा केला आणि टेबलावर दोन ढीग केले. एकात मूल एकटं, जवळच्या वही-पेन्सिलीवर करू शकेल असं काम. दुसऱ्यात ज्याला मोठं माणूस, मोबाइल किंवा पैसे लागतात असं. दुसरा ढीग मोठा निघाला. 'पालकांच्या मदतीने माहिती लिहा', 'चित्रे मिळवून चिकटवा', 'कार्डशीटवर प्रतिकृती करा'. कार्डशीट, रंगीत कागद, डिंक आणायला तालुक्याच्या बाजारात जावं लागतं, आणि ते पैसे ज्याच्या घरात पगार येतो त्यालाच किरकोळ वाटतात. पुढची गोष्ट याहून गंभीर. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय यांना आकारिक, म्हणजे वर्षभरातल्या कामाचे, गुण असतात. थर्माकोलचा सुबक किल्ला आणणाऱ्याला गुण मिळतात, न आणणाऱ्याला मिळत नाहीत, आणि तो किल्ला बऱ्याचदा वडिलांनी रात्री बसून केलेला असतो. म्हणजे घरची ऐपत गुणपत्रकात शिरते, तीही आमच्याच हाताने, आमच्याच सहीने. हे ज्या दिवशी शिक्षक-खोलीत बोललं गेलं, त्या दिवशी बराच वेळ कुणी दुसऱ्या विषयावर गेलं नाही.

व्हॉट्सॲपवरच्या सूचनांचं तेच. उद्या काय आणायचं ते रात्री आठला गटावर पडतं. फोन बापाच्या खिशात, बाप गाडीसोबत कारखान्याच्या रांगेत.

या सगळ्यावर आम्ही काय केलं ते आता सांगते. बिनपैशाचंच होतं. प्रकल्प शाळेतच, शेवटच्या चाळीस मिनिटांत, शाळेच्या पेटीतल्या साहित्यातून करायचे. घरून आणलेल्या वस्तूला गुण नाहीत. घरी द्यायचं ते मूल एकटं करू शकेल एवढंच. सूचना शाळा सुटताना वहीत लिहून द्यायच्या. प्रश्न विचारताना नावांच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, आणि उत्तरासाठी मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं. चिठ्ठीचा डबा मुलांना इतका आवडला, की एखाद्या दिवशी बाई विसरल्या तर तीच आठवण करून द्यायची. बसण्याच्या जागा दर सोमवारी फिरवायच्या. कुणाला प्रवर्गावरून उभं करायचं नाही. माहिती हजेरीपत्रकातून काढायची किंवा मुलाला एकट्याला जवळ बोलावून विचारायची. शिष्यवृत्तीचा जादा तास शाळा सुटल्यावर असायचा, त्यामुळे वस्तीवरून चालत येणाऱ्या मुली आणि धाकट्यांना सांभाळणारी मुलं आपोआप गळायची. तो शाळेच्या वेळात घेतला.

आणि रोज एक तास तिसरी ते पाचवीच्या भिंती मोडून स्तरानुसार गट. याचं रूप डोळ्यांसमोर होतं ते सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं अशा, पद्धतीने केलेलं काम बघायला राज्यभरातले शिक्षक जात होते. आमच्या केंद्रातले काही जणही काही वर्षांपूर्वी जाऊन आलो होतो. फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे, शिक्षक मुलांबरोबर खाली बसलेले आणि प्रत्येक गट आपापल्या गतीने पुढे चाललेला. साधनं गावातच तयार होणारी होती. तिथे पाहिलेलं इथे कामाला आलं. गणिताच्या गटात आम्ही फळ्यावर 'वाढं, शेकडा साडेतीनशे' असं लिहिलं. पेंढ्यांचा हिशेब करणारा तो मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी उभा राहून तोंडी उत्तरं देत होता, आणि आमच्या पहिल्या बाकावरची मुलं ती वहीत मांडून पडताळत होती. हळूहळू तोही मांडणी शिकला. त्याला ती कशाची आहे हे आता ठाऊक होतं.

धाकट्या बहिणीचा प्रश्न अंगणवाडीताईंनी सोडवला. अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. दोन वर्षांचं मूल अंगणवाडीच्या पटावर बसत नाही, पण ताईंनी मदतनीसांशी बोलून मुलींना सांगितलं, धाकट्यांना इथे सोडा आणि मधल्या सुट्टीत येऊन बघून जा. मुलींच्या हजेरीवर आमच्या दुसऱ्या कुठल्याच उपायाचा इतका परिणाम झाला नाही.

विरोधही झाला आणि तो समजण्यासारखा होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आजोबांनी सरळ विचारलं, "आमच्या नातवाला येतंय त्येच परत शिकवताय व्हय?" त्यांना स्तरानुसार गटाच्या तासाला येऊन बसायला सांगितलं. त्यांचा नातू वरच्या गटात पाचवीची शाब्दिक उदाहरणं सोडवत होता. आजोबा पूर्ण पटले असं मी म्हणणार नाही, पण दोन महिन्यांनी प्रगती दाखवा म्हणाले आणि खरंच बघायला आले. एका सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: ही मुलं मार्चमध्ये जाणार, त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला. त्यावर वाद न घालता मी त्यांना शिक्षण हक्क कायदा वाचायला दिला. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या या कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, हे कलम 5 सांगतं; वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम 14. चार महिने का होईना, ते मूल आपल्या पटावरचंच असतं.

फेब्रुवारीत संशोधनाचा पायाच हलला. आमच्याकडचा ऊस लवकर संपत आला आणि काही टोळ्या दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत हलल्या. उत्तरचाचणी, म्हणजे शेवटची चाचणी, व्हायच्या आत मुलं गेली. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्यांच्या दोन्ही चाचण्या नाहीत त्यांना वगळून तक्ता केला. तो छान दिसत होता. मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी हे सगळं केलंस, तीच मुलं या तक्त्यात नाहीत."

मग त्यांचा वेगळा तक्ता केला. टोळ्या आणणाऱ्या मुकादमांना फोन लावून प्रत्येक मुलाचा माग काढला. काही कऱ्हाडच्या बाजूला दुसऱ्या शाळेत बसत होती. काहींना आजीकडे गावी पाठवलं होतं. काही कुठल्याच शाळेत नव्हती. प्रबंधाचं ते प्रकरण सगळ्यात छोटं आहे आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: हंगामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशी मोजणी स्थिर घरातल्या मुलासाठी आहे. फिरत्या मुलाचा स्तर दर पंधरा दिवसांनी नोंदवायला हवा. म्हणजे ते ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी त्याच्याबरोबर द्यायला काहीतरी असतं.

निष्कर्ष मी जपून लिहिले. वाचनात तळाची मुलं वर सरकली, लेखी गणितात त्यापेक्षा कमी. सर्वाधिक फायदा गावातल्याच शेतमजुरांच्या मुलांना झाला, कारण ती रोज येत होती. तुलनेसाठी नियंत्रित गट, म्हणजे हे उपाय न केलेला गट, नव्हता, त्यामुळे बदल नेमका कुठल्या उपायाने झाला हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि तसं मी लिहिलं आहे. शाळेच्या हाताबाहेरचं तेही लिहिलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कुटुंब फडाला बांधलेलं असतं. पाचवी-सहावीनंतर मुलीच्या हातात कोयता येतो किंवा तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्याला गावाकडची हंगामी वसतिगृहं, मजुरीचा दर, कायद्याची अंमलबजावणी लागते. चिठ्ठ्यांच्या डब्याने ते होणार नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे तर कुठलाही चांगला शिक्षक करतो. यात संशोधन काय?" मी म्हटलं, सर, चांगला शिक्षक करतो, पण त्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर जातं. प्रश्न कुणाला विचारले याचा नकाशा आणि गृहपाठाचे दोन ढीग कुठल्याही शाळेला एका महिन्यात करता येतात, त्यासाठी कुणी असामान्य असावं लागत नाही. त्यांनी गृहपाठाचा तक्ता मागून घेतला आणि त्यावर बराच वेळ प्रश्न विचारले.

मुलांबरोबर आता आम्ही अर्ध्या पानाची नोंद देतो: कुठल्या भाषेत काय वाचतं, गणितात कुठे आहे, पुढे काय घ्यावं. स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेसाठी मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डाला ती टाचून देतो आणि गावाकडच्या शाळेतल्या शिक्षकांना फोन करतो. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांना हा फोन कशासाठी ते समजावून सांगावं लागलं. बीड जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी मात्र ती पद्धत उचलली आणि पुढच्या हंगामात त्यांच्या मुलांची नोंद त्यांनीच आधी पाठवली, मोबाइलवर फोटो काढून, प्रत्येकाच्या नावापुढे वाचनाचा स्तर लिहून. त्यामुळे ती मुलं पहिल्याच दिवशी योग्य गटात बसली.

यंदा दिवाळीच्या आधीच मुकादमाचा फोन आला. टोळीत अकरा लेकरं आहेत, त्यातली चार अगदी लहान, आणि दोघं कानडी शाळेतली. अंगणवाडीताईंना मी चारचा आकडा त्याच दुपारी सांगितला, आणि जतच्या मित्राकडे कानडी पुस्तकांचे दोन संच मागितले आहेत.